'निसर्गात सोडलं' म्हणजे नक्की कुठं सोडलं?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात पुण्याच्या पानावर खाली कोपऱ्यात एक बातमी होती, 'सोसायटीच्या झाडावर मगरीचं पिल्लू, रहिवाशांत घबराट', सोबत फोटो. मी चहा पीत होते. चष्मा पुसला, पेपर खिडकीपाशी नेला आणि सगळ्यात आधी त्या जनावराची शेपटी बघितली. का ते पुढं सांगते. शेपटी टोकापर्यंत पट्टेवाली, अख्खी होती, म्हणजे हा आपला पाचू नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला. पण मग बातमीची शेवटची ओळ वाचली आणि चहा तसाच गार झाला. 'प्राण्याला सुखरूप पकडून जवळच्या टेकडीवर निसर्गाच्या सान्निध्यात सोडण्यात आलं.'

अहो डिसेंबर चालू आहे!

पहिलं म्हणजे ती मगर नाही. मगरीचं पिल्लू तिसऱ्या मजल्याएवढ्या उंच आंब्याच्या शेंड्यावर काय करत असेल हा प्रश्न तरी कुणाला पडायला हवा होता. तो हिरवा इग्वाना आहे. सरड्याच्याच मोठ्या खानदानातला, पण आपल्याकडचा नाही, पार मेक्सिकोपासून खाली ब्राझील-पॅराग्वेपर्यंतच्या जंगलातला. आणि मी काही प्राणिशास्त्राची बाई नाही, मी पोस्टातून रिटायर झालेली, एकसष्ट वर्षांची, सहकारनगरात राहते. मला यातलं जे काय कळतं ते एवढ्यामुळे की माझा भाचा परदेशी शिकायला गेला आणि 'मावशी दोनच महिने सांभाळ ना' म्हणून आपला इग्वाना माझ्या हॉलमध्ये ठेवून गेला, ते दोन महिने पुढं तेरा झाले. त्याचं नाव पाचू. पहिले पंधरा दिवस मी हॉलमध्ये पाय ठेवला नाही, टीव्ही स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. नंतर मात्र असं झालं की सकाळी उठल्यावर देवाला दिवा नंतर आणि पाचूचा दिवा आधी.

आता फोटोवरून ओळखायचं कसं ते सांगते, कारण पुढच्या वेळी पुन्हा मगर, सुसर, घोरपड असलं काही छापून येऊ नये. घोरपड आपली इथलीच, पुण्याच्या माणसाला सिंहगडाच्या गोष्टीतली यशवंती आठवते लगेच, तिचा रंग मातकट, पाठ सपाट, जीभ सापासारखी दुभंगलेली आणि सारखी आतबाहेर. इग्वानाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एक उभी झालर असते, कंगव्याच्या दातांसारखी, मानेवरचे काटे लांब आणि पुढं पुढं बारीक होत गेलेले. दिसायला भयंकर पण हात लावला तर मऊ, चामड्यासारखे लवचिक. हनुवटीखाली एक मोठा पडदा लोंबतो, राग आला किंवा ऐट दाखवायची असली की तो ताणून मान वरखाली हलवतो, आपण हो हो म्हणतो तशी. ऊन घेतानाही तो पडदा पसरायचा. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे कानाच्या जरा खाली, जबड्यावर एक मोठा गोल खवला, पाचूचा चांगला जुन्या रुपयाएवढा होता, फिकट, मोत्यासारखा चमकणारा, कुणी मुद्दाम बटण शिवून ठेवावं तसा. तुमच्या फोटोत तो स्पष्ट दिसतोय. घोरपडीला नसतो, मगरीला नसतो, आपल्या कुंपणावरच्या सरड्यालाही नसतो.

नावाला हिरवा, पण कायम हिरवा नसतो बरं का. पिल्लं पोपटी, अगदी केळीच्या कोवळ्या पानासारखी, मोठा होईल तसा राखाडी, करडा होत जातो, आणि थंडी वाजली की काळपट पडतो म्हणजे ऊन जास्त शोषलं जावं. आमचा पाचू दुकानदाराने 'मादी आहे, शांत असते, लहानच राहते' असं सांगून विकलेला. तिन्ही गोष्टी खोट्या. माझ्याकडे आल्यावरच्या हिवाळ्यात त्याच्या खांद्यावर आणि पायांवर भगवा रंग चढायला लागला, मला वाटलं काविळीसारखं काही झालं, घाबरून डॉक्टरांना फोन केला तर ते हसले, म्हणाले आजी तो नर आहे आणि वयात आलाय. लहान राहण्याचं म्हणाल तर दुकानातून आणला तेव्हा वीतभर होता, मी दुसरीकडं दिला तेव्हा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेचार फूट, आणि पूर्ण वाढीचे नर तर पाच-सहा फुटांपर्यंत जातात, चार-पाच किलो वजन. त्यात निम्म्याहून जास्त शेपटीच असते. त्या शेपटीचा फटका म्हणजे चाबूक! भाच्याच्या हातावर वळ आहेत. पाचूची शेपटी एकदा दारात सापडून तुटली होती आणि परत उगवली ती आखूड, काळपट आणि बिनपट्ट्याची, म्हणून मी फोटोत आधी शेपटी बघितली.

अजून एक सांगते मग मुद्द्यावर येते. डोक्याच्या बरोबर मध्यावर वरच्या बाजूला एक फिकट ठिपका असतो. तो म्हणजे तिसरा डोळा. शंकराचा नाही, खराच, आतमध्ये भिंग आणि पडद्यासारखी रचना असते, चित्र दिसत नाही त्याला, फक्त उजेड आणि सावली कळते. जंगलात वरून घार-ससाण्यासारखा पक्षी झेपावला की सावली पडते आणि हा सटकतो. मला हे माहीत नव्हतं तोपर्यंत मी वरून हात घालून वाटी ठेवायचे आणि दरवेळी तो पिसाळल्यासारखा काचेवर आपटायचा, नंतर कळल्यावर बाजूने, समोरून, हळू हात न्यायला लागले तर गाय बरी इतका गरीब.

आता तो राहतो कुठं. हे मी एवढ्यासाठी लिहितेय की 'निसर्गाच्या सान्निध्यात' हे दोन शब्द लिहिणाऱ्याला वाटतं झाड म्हणजे झाड आणि टेकडी म्हणजे जंगल. इग्वानाचं घर म्हणजे पावसाचं सदाहरित जंगल आणि त्यातली नदीकाठची झाडं. जमिनीवर तो नाईलाज म्हणूनच उतरतो, पिल्लं खालच्या झुडपात आणि फांद्यांवर, मोठे नर-माद्या वर शेंड्याकडे, जिथं ऊन मिळतं. फांदी नदीवर वाकलेली लागते, कारण धोका दिसला की हा सरळ खाली पाण्यात उडी टाकतो, चार-पाच मजल्यांइतक्या उंचीवरून पडला तरी बहुतेक वेळा काही होत नाही, आणि पोहतो कसा तर पाय अंगाला चिकटवून नुसती शेपटी मगरीसारखी वळवत. (तुमच्या वार्ताहराला इथं जरा मार्क देते.) मी त्याला कपडे भिजवायच्या टबात सोडायचे, टबात बसला की पहिलं काम पोट साफ, मग डोळे मिटून अर्धा तास ध्यान. टब नवीन आणावा लागला.

आणि त्या जंगलात हिवाळा नावाची गोष्टच नाही, पावसाळा आणि उन्हाळा एवढंच. वर्षभर दमट, वर्षभर ऊब. खातो फक्त पाला, फुलं, फळं. मांसाहारी नाही हो, बातमीत 'लहान मुलांना धोका' लिहिलंय, चिडला तर चावतो आणि दात करवतीसारखे बारीक असतात हे खरं, पण मुलं खात नाही, जास्वंद खातो. माझ्या कुंडीतली जास्वंद त्या वर्षी एकदाही देवापर्यंत पोचली नाही. शेवग्याचा पाला, तांदुळजा, तुतीची पानं, लाल भोपळा, मंडईतली भाजीवाली विचारायची एवढा शेवगा कशाला लागतो, मी म्हणायचे गुडघे दुखतात. पण पाला पचवायला त्याच्या आतड्यात जिवाणू असतात आणि ते काम करायला अंग चांगलं तिशीच्या वर तापलेलं लागतं. अंग गार म्हणजे पोटात पाला नुसता पडून राहणार, म्हणजे समोर हिरवं रान असलं तरी हा उपाशीच. डिसेंबरात पुण्यात पहाटे पारा दहाच्या खाली जातो. संपादक साहेब, आता परत वाचा ती ओळ, सुखरूप पकडून टेकडीवर सोडण्यात आलं.

आपल्या टेकड्या मी लहानपणापासून चढतेय, त्यांचं कौतुक मलाही आहे. पण उन्हाळ्यात त्या करवंदाला येतात एवढंच, बाकी वर्षातले सात-आठ महिने खडखडीत कोरड्या. पुण्याला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत उरकतो. वर नदी नाही, ओढा असला तर कोरडा. गंमत म्हणजे टेकडीवर लावलेली ती उंदीरमारी, ज्याला गिरिपुष्प म्हणतात, ते झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलंच, म्हणजे इग्वानाच्या माहेरचं. पण तेही थंडी सरता सरता पानं गाळून उघडं होतं आणि नुसत्या गुलाबी फुलांवर उभं राहतं. माहेरचं माणूस भेटलं पण त्याच्याच घरात काही शिजलेलं नाही असा प्रकार.

अमेरिकेत फ्लोरिडा म्हणून भाग आहे, तिथं लोकांनी पाळलेले इग्वाना असेच सुटले, सोडले, १९६० च्या दशकापासून, आणि आता तिथं त्यांचं राज्य आहे. कालव्यांचे काठ पोखरतात, फुटपाथखाली बिळं करतात. एरवी उष्ण प्रदेश पण कधीतरी थंडीची लाट येते, आणि जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान खात्याने चक्क इशारा दिला होता की आज रात्री झाडावरून इग्वाना पडतील, जपून. कारण पारा चार-पाच अंशांकडे गेला की त्यांचं अंग लाकडासारखं होतं, फांदीवरची पकड सुटते आणि खाली पडतात. पण मेलेले असतातच असं नाही. ऊन आलं की कितीतरी उठून चालायला लागतात. हे मी मुद्दाम लिहितेय, त्याचं काम शेवटी आहे.

कुणी म्हणेल मग पुण्यात नको, कोकणात नेऊन सोडा, तिथं ऊब आहे, दमटपणा आहे, नदी आहे, दारात जास्वंद आहे. तीच तर खरी पंचाईत! पुण्यात सोडलेला मरेल आणि कोकणात सोडलेला मला वाटतं मरणार नाही. मादी एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते, जमिनीत बीळ करून. १९९५ मध्ये कॅरेबियन समुद्रात वादळं झाली तेव्हा उन्मळून पडलेल्या झाडांच्या ओंडक्यांवर बसून निदान पंधरा इग्वाना वाहत वाहत अँग्विला नावाच्या बेटावर जाऊन पोचले, जिथं ही जात आधी नव्हतीच, कोळ्यांनी डोळ्यांनी बघितले उतरताना. जे जनावर ओंडक्यावर बसून समुद्र ओलांडतं त्याला आपण फेरीबोटीने नेऊन सोडायची काही गरज नाही. त्यांच्या देशात त्यांना खाणारे आहेत, ससाणे आहेत, साप आहेत, माणसंसुद्धा खातात, तिकडं त्याला 'झाडावरची कोंबडी' म्हणतात. आपल्याकडं आंबा-काजूच्या बागेत हिशेब कोण ठेवणार.

मला राग त्या सोडणाऱ्या माणसांचा नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी काठ्या न मारता पकडला, पोत्यात नीट नेला, हेच खूप. राग आहे तो ज्याच्या घरातून हा निसटला किंवा ज्याने मुद्दाम सोडला त्याचा. आणि मला त्याची बाजूही माहितीये, कारण मी त्यातून गेलेय. दुकानात वीतभर पोपटी पिल्लू काचेच्या पेटीत बघितलं की पोरं पाघळतात. माझ्या भाच्याने पहिलं वर्षभर त्याला काकडी आणि पालक घातला, पेटीवर साधा पिवळा बल्ब, आणि खिडकीतून ऊन येतंय की म्हणून खूश. पण काचेतून ऊन येतं, त्यातले ते अतिनील किरण अडतात, आणि ते किरण अंगावर पडल्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नाही तर कॅल्शियम हाडात जात नाही. पाचू माझ्याकडं आला तेव्हा त्याचा खालचा जबडा रबरासारखा मऊ होता, बोटाने दाबला तर दबायचा. डॉक्टरांनी कॅल्शियमचे थेंब दिले, खास दिवा सांगितला, दिवा दर सहा महिन्यांनी बदलायचा कारण तो पेटलेला दिसला तरी त्यातले किरण संपलेले असतात, आणि रोज सकाळी ग्रिलच्या गॅलरीत उघडं ऊन. लाइट बिल बघून ह्यांनी विचारलं आपण पापडाचा कारखाना काढलाय का. वर तो शिंकायचा आणि काचेवर पांढरा थर धरायचा, मी सर्दी समजून ओवा जाळायच्या बेतात होते, ते निघालं मीठ, अंगातलं जादा मीठ तो नाकावाटे टाकतो. हे सगळं दुकानदार सांगत नाही. आणि हे वीस वर्षंसुद्धा जगू शकतं. वीस! भाचा परत आला नाही, हे सांगायला नकोच.

शेवटी मी पाचूला मुळशीकडं एका गृहस्थांना दिला, त्यांच्याकडं खोलीएवढा जाळीचा पिंजरा आहे, आत उंबराचं झाड, पाण्याचा हौद, थंडीत गरम ठेवायची सोय. देताना कागदपत्रांची भानगड झाली तेव्हा कळलं की कायदा बदललाय, वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले, असले परदेशी प्राणी ज्यांच्याकडं आहेत त्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश नावाच्या पोर्टलवर नोंद करायची असते. पोस्टात आयुष्य गेलं तरी तो फॉर्म भरताना मला दोनदा रडू आलं. मला वाटतं त्या आंब्यावरच्या इग्वानाचा मालक बातमी वाचूनही पुढं आला नसेल तर तो या फॉर्मला घाबरूनच, त्याला एवढंच सांगते की बाबा ये, वाघ नाही मागे लागत.

आता काम. पत्र उद्या छापता आलं तर उद्याच छापा, पुढच्या रविवारच्या पुरवणीसाठी ठेवू नका. ज्यांनी त्याला सोडलं त्यांना कुठल्या बाजूला सोडलं ते विचारून छापा, आणि रोज टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी एवढं बघा. तो फार लांब जात नाही थंडीत. सकाळी नऊ ते अकरा, पूर्वेकडून ऊन लागणाऱ्या बाजूची झाडं, मोठ्या आडव्या फांदीवर पोट टेकून पाय सोडून पसरलेला असेल. हिरवा शोधू नका, काळपट करडा शोधा, वाळक्या फांदीसारखा, शेपटी खाली लोंबलेली, तिच्यावर आडवे पट्टे. झाडाखालीही बघा, पाचोळ्यात. कडक, गार, डोळे मिटलेला असा सापडला तर मेला म्हणून फेकू नका आणि कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. वरून हात घालायचा नाही, बाजूने जायचं, डोळ्यांवर कापड टाकायचं की शांत होतो, शेपटी धरून उचलायचा नाही, ती तुटते. जुना उशीचा अभ्रा बरोबर ठेवा, त्यात घालून तोंड सैल बांधायचं आणि साध्या उबदार खोलीत ठेवायचं, हीटरसमोर नाही, शेकोटीजवळ तर नाहीच. गाडीत तसाच मोकळा टाकू नका, उबेने मध्येच जागा होईल आणि मग तुमचं काही खरं नाही. हात साबणाने धुवा. मग वन विभागाला कळवा.

माझा फोन नंबर तुमच्या ऑफिसात देऊन ठेवलाय, छापू नका, पण कुणी विचारलं तर द्या. पाचूचा दिवा आणि पेटी अजून माझ्या माळ्यावर आहे, काल उतरवून पुसून ठेवली, दिव्याची नळी नवीन आणलीय.

आपली नम्र,
एक वाचक, सहकारनगर, पुणे